सकाळी दहाची रात्र

माशांबद्दल आपल्याला सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एवढंच कळतं, असं गुणाजी सारंग म्हणायचे. ते खोटं नव्हतं. अंधेरीतल्या कचेऱ्या, दवाखाने आणि शोरूम यांच्या फिशटँक त्यांनी एकतीस वर्षं सांभाळल्या, आणि या सगळ्या जागा संध्याकाळी कुलूप लावून मोकळ्या होतात. नंतर आत मासे काय करतात, हे विचारायला कुणी थांबत नाही.

गुणाजींचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घर लालबागहून अंधेरी पूर्वेला आलं आणि गुणाजी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काच कापायला लागले. एका डॉक्टरांनी त्यांच्याकडून माशांसाठी पेटी करून घेतली. पेटी गळली नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारलं, "आता मासेही तूच आणून सोडशील का?" मासा खाण्याखेरीज त्याचं आणखी काही करतात, हे तोवर मालवणच्या या माणसाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तरी ते हो म्हणाले. मग पुढची सगळी वर्षं दोन बादल्या, एक लांब पाइप आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, असा त्यांचा अवतार स्टेशनपासून मरोळपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा झाला.

शेकडो मासे त्यांच्या हाताखालून गेले. पण त्यांचा जीव जडला होता एका बोटभर माशावर. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत तपकिरी पट्टे, शरीराच्या मानाने फार मोठे डोळे. दुकानदार त्याला कार्डिनल म्हणत, गुणाजी नुसतं 'पट्टेरी' म्हणत. खडकाळ समुद्रातला हा मासा दिवसभर कपारीत हलके पंख हलवत एका जागी उभा राहतो. अंधार पडला की बाहेर येतो, हिंडतो, शिकार करतो. गिऱ्हाइकांना तो मुळीच आवडायचा नाही. "मासे कुठायत?" असं विचारलं की गुणाजींना दगडामागे बॅटरी मारून दाखवावं लागायचं.

आणि या माशाची मादी अंडी घालून मोकळी होते. ती सांभाळतो बाप. सगळा पुंजका तो तोंडात घेतो आणि पिल्लं निघेपर्यंत, आठ-नऊ दिवस, घासभरही खात नाही.

गुणाजींना हे कळलं ते चुकीतून. पहिल्यांदा एका पट्टेरीचा जबडा सुजलेला आणि खाणं बंद झालेलं दिसलं, तेव्हा त्यांनी त्याला आजारी ठरवून पाण्यात औषध घातलं. माशाने तोंडातलं सगळं वाळूवर टाकलं. साबुदाण्याहून बारीक, गुलाबी दाण्यांचा गोळा. गुणाजी बराच वेळ तिथेच बसून राहिले होते. पुढे काही वर्षांनी एका दवाखान्यात पुन्हा तसा जबडा दिसला. या वेळी त्यांनी पाण्याला हात लावला नाही. रोज जाऊन नुसतं बघून यायचे. नवव्या दिवशी सकाळी गेले, तर गाल सपाट आणि मासा खायला टपलेला. पिल्लं रात्रीच बाहेर पडली होती आणि पहाटेपर्यंत पंपाने ओढून नेली होती.

"तिकडं बाळंतपण झालं नि मी घरी पिठलं खात होतो," असं ते हा किस्सा सांगताना म्हणायचे. लोक हसायचे. गुणाजीही हसायचे. पण ते एकदा तरी डोळ्यांनी बघायचं, ही एकच इच्छा त्यांच्या सगळ्या कामात तळाशी बसून होती.

साठी उलटल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगी दीप्तीने सगळी कामं सोडायला लावली. सगळी म्हणजे एक सोडून. घरापासून पाच मिनिटांवर एक जुनं मराठी वाचनालय होतं. तळमजला, एकही पायरी नाही. तिथली चार फुटी टाकी एका सभासदाने भेट दिली होती.

"तेवढी राहू दे गो," गुणाजी म्हणाले. "नाहीतर मी घरात बसून तुझ्या डोक्यावर मिरे वाटीन."

"राहू दे. पण बादली उचलायची नाही. बादली कुंडलिकमामा उचलतील."

कुंडलिक हा वाचनालयाचा शिपाई. त्याने बावीस वर्षांत पुस्तकंच उचलली होती. बादलीने त्याला जरा बदल मिळाला.

या टाकीत काय सोडायचं हे कुणी गुणाजींना सांगितलं नव्हतं. त्यांनी सहा पट्टेरी आणून सोडले. दुसऱ्याच दिवशी शुभाबाई चष्मा सावरत टाकीसमोर उभ्या राहिल्या. शुभाबाई निवृत्त शिक्षिका. वाचनालयात रोज नऊला येऊन पहिल्या पंख्याखालची खुर्ची धरणाऱ्या.

"गुणाजी, पाणी छान आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या. "त्यात मासे कधी येणार?"

"आहेत ना बाई. झोपलेत."

"माझ्या वर्गातही अशी मुलं असायची. पण ती दिसायची तरी!"

सगळा वाचनकक्ष हसला. 'शांतता राखा' ही पाटी तिथे जन्मापासून होती आणि तिच्याखालीच सर्वांत जास्त गप्पा चालायच्या. पुढे महिनाभर 'पाण्याचं प्रदर्शन' हा विषय पुरला. शेवटी कार्यकारिणीच्या सभेत तो कोपरा संदर्भग्रंथांच्या नव्या कपाटाला द्यायचं ठरलं. कपाट देणगीचं होतं, नाही कसं म्हणणार. चिटणीस श्यामकांत यांनी गुणाजींना ते स्वतः सांगितलं. विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा माणूस उगाच कुणाला दुखवायचा नाही, आणि ठरलेलं उगाच बदलायचाही नाही.

"पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सुतार येईल, गुणाजी. बाराला. तोवर टाकी रिकामी करून ठेवा."

गुणाजी घरी आले तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि दीप्ती जेवत होती. ती एका कंपनीत अमेरिकेच्या वेळेने काम करायची. रात्री आठला घरातून निघायची, सकाळी आठला परत. नऊला जेवण, दहाला झोप. खिडकीला जाड काळे पडदे, दाराखाली जुनी चादर. बाहेर भर उन्हात भंगारवाला ओरडत असायचा आणि त्या खोलीत मध्यरात्र असायची. सुरुवातीला पंधरा दिवस तिला त्रास झाला, मग शरीराला पटलं.

गुणाजी त्या पडद्याकडे बघत राहिले.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. झोप तू. मला ते जुनं काळं कापड दे, तुझ्या कपाटातलं."

तिसऱ्या दिवसापर्यंत टाकीभोवती काळ्या कापडाचा तंबू उभा राहिला, फोटो काढणाऱ्यांचा असायचा तसा. डोकं आत घातलं की समोर काच. वरच्या दिव्याला गुणाजींनी टायमर लावला. माशांचा दिवस रोज तासभर पुढे सरकवायचा, असं करत बारा दिवसांत त्यांची रात्र सकाळी दहाला पाडायची आणि रात्री दहाला उजाडवायचं. अंधारात दिसावं म्हणून झिरोचा एक निळा बल्ब. माशांना तो चांदण्यासारखा वाटावा, एवढाच.

आठवडाभर काहीच धड होईना. मासे कधी कपारीत, कधी बाहेर, खाणं विस्कटलेलं. गुणाजींनी टायमर तपासला, तर दुपारी बारा वाजता त्याच्या तबकडीवर पहाटेचे पाच. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीची संध्याकाळ.

"कुंडलिक, तू रात्री जाताना काय करतोस रे?"

"मेन बंद करतो."

"टाकीचा?"

"सगळ्याचा. पंखे, ट्यूब, सगळं. बावीस वर्षं करतोय. मेन बंद केल्याशिवाय कुलूप लावलं ना, तर मला घरी झोप येत नाही."

हवेचा पंप बॅटरीवर होता म्हणून मासे जगले होते. टायमर मात्र रोज रात्री कुंडलिकच्या मेनबरोबर झोपायचा आणि सकाळी त्याच्याबरोबर उठायचा. त्या बिचाऱ्या माशांना दिवस असा लाभलाच नव्हता.

"अरे मेल्या, मी रात्र उलटी करतोय नि तू पुसूनच टाकतोयस!"

कुंडलिक ओशाळला. पण मेन चालू ठेवून कुलूप लावणं त्याच्याने होण्यासारखं नव्हतं, हे गुणाजींनाही दिसत होतं. मग दोघांनी मिळून टाकीची वायर वाचनालयाच्या इन्व्हर्टरवर नेली. कुंडलिक पूर्वीसारखाच खटका खाली ओढायचा, घरी जाऊन झोपायचा, आणि बंद वाचनालयाच्या एका कोपऱ्यात दिवस उजाडायचा.

मग एका मंगळवारी, सव्वादहाला, शुभाबाईंनी सहज कापड बाजूला करून डोकं आत घातलं. बराच वेळ ते बाहेर आलं नाही.

"अगं बाई," आतून आवाज आला. "हे तर फिरायला निघालेत."

सहाही पट्टेरी मोकळ्या पाण्यात होते. निळ्या उजेडात त्यांचे पट्टे फिके पडले होते, डोळे तेवढे चमकत होते. एक जण तरंगत यायचा, थबकायचा आणि टपकन काहीतरी टिपायचा. बाहेर सकाळ ऐन भरात होती, रिक्षा हॉर्न वाजवत होत्या, आणि तंबूच्या आत समुद्रातली रात्र होती. त्या दिवशी वर्तमानपत्रांच्या घड्या मोडल्याच नाहीत. तंबूसमोर रांग लागली. एकावेळी तिघांचीच डोकी मावत होती. "चला, चला, तुमचं झालं बघून," असं मागचे पुढच्यांना म्हणत होते.

दहा दिवसांनी, शुक्रवारी, शुभाबाईंनीच पहिली बातमी आणली. "गुणाजी, एकाला गालगुंड झालंय. काही खातही नाही."

गुणाजींनी डोकं आत घातलं. जबडा फुगलेला, ओठ घट्ट मिटलेले. मध्येच त्या माशाने तोंड किंचित उघडलं, चूळ भरावी तसं आतलं सगळं फिरवलं आणि पुन्हा मिटलं. तेवढ्यात गुलाबी रंग दिसला.

ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून कुंडलिकने खुर्ची पुढे केली.

"गालगुंड नाही बाई. बाप होणार आहे तो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. अंडी, उपास, आठ-नऊ दिवस. वाळूवर पडलेला तो गोळा. दवाखान्यातली ती सकाळ. "पिल्लं सोडतो तो अंधार पडल्या पडल्या," ते म्हणाले. "आता याचा अंधार दहाला पडतो. म्हणजे या वेळी मला दिसेल. पण दचकला तर थुंकेल, नाहीतर गिळून टाकेल."

मग शुभाबाई म्हणाल्या, "पुरुष? आणि नऊ दिवस तोंड उघडणार नाही?"

"नाही."

"आमच्या यांना आणते उद्या. बघू देत."

हसू आलं, पण तोंडावर हात ठेवून. आणि तेव्हापासून वाचनालयात ती गोष्ट झाली जी पाटीला कधी जमली नव्हती. खुर्च्या उचलून ठेवल्या जाऊ लागल्या. राजकारणाचे वाद बाहेरच्या कट्ट्यावर गेले. कुंडलिकने दाराच्या बिजागरीला खोबरेल तेल घातलं. कुणाचा मोबाइल वाजला की सगळे त्याच्याकडे असे बघत, की तो बिचारा फोन घेऊन रस्त्यापर्यंत पळे.

गुणाजी रोज दहाच्या आधी येऊन स्टुलावर बसायचे. दिवस बोटांवर मोजायचे. आणि मोजणी त्यांच्या लक्षात येत होती: आठवा दिवस शुक्रवार, नववा शनिवार. शनिवारी बाराला सुतार.

गुरुवारी त्यांनी श्यामकांतांना गाठलं. "साहेब, चार दिवस द्या फक्त. सोमवारी मी स्वतः टाकी रिकामी करतो."

श्यामकांतांनी वही काढली. "सुताराला पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे. देणगीदारांना मी शब्द दिलाय. मला वाईट वाटतं, गुणाजी, पण..."

"बाराच्या आधी सोडेल तो," गुणाजी म्हणाले. खात्री नव्हती, पण म्हणाले.

शुक्रवारी माशाने तोंड उघडलं तेव्हा गुलाबी काही उरलं नव्हतं. आत चंदेरी ठिपकेच ठिपके होते. दोन-दोन, शेजारी शेजारी.

"डोळे," गुणाजी कुजबुजले. "बाई, डोळे आहेत ते."

पण दिवस तसाच गेला. सहा वाजेपर्यंत ते स्टुलावरून हलले नाहीत.

शनिवारी साडेनऊलाच पंधरा-सोळा जण जमले. तंबूची एक बाजू उचलून, खिडक्यांना वर्तमानपत्रं लावून कुंडलिकने सगळ्या कोपऱ्यातच अंधार केला होता. श्यामकांतही आले, टाकी उचलायची देखरेख करायला. शुभाबाईंनी त्यांना हाताला धरून पुढच्या खुर्चीत बसवलं. दहाला टायमर टिक्‌ झाला, दिवा गेला. निळी रात्र पडली.

सव्वादहा. साडेदहा. फुगल्या जबड्याचा तो मासा कपारीतून बाहेर आला आणि मध्येच थांबला. त्याची मादी त्याच्याभोवती फिरत होती.

पावणेअकराला बाहेर टेम्पो थांबला. सुतार सव्वा तास लवकर आला होता. कपाट उतरवताना एक दणका बसला, काच थरथरली, आणि मासा एका झटक्यात परत कपारीत गेला.

गुणाजींनी डोळे मिटून घेतले.

"कुठे लावायचंय?" दारातून मोठा आवाज. मागे ड्रिल चालू करून बघितल्याचा घर्रर्र. कुणी काही करायच्या आत श्यामकांत उठले. सत्तरीचा तो माणूस चपला हातात घेऊन, अनवाणी, टाचा उचलत बाहेर गेला. दार हळूच लागलं. आतल्यांना अर्धवट ऐकू येत होतं.

"अहो पण तुम्हीच बाराची घाई केली होती ना साहेब?"

"हळू बोला. हळू. चहा घेणार? कोपऱ्यावर चांगला मिळतो. वडापावही घ्या. मी आहे ना बरोबर."

"आत काय, कुणी आजारी आहे का?"

"बाळंतपण आहे."

पावलं लांब गेली. पुन्हा शांत झालं. इतकं, की हवेच्या पंपाचे बुडबुडे मोजता आले असते.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मासा बाहेर आला. या वेळी थांबला नाही. सरळ काचेजवळ, गुणाजींच्या नाकापासून वीतभर अंतरावर येऊन त्याने अंग ताणलं आणि जांभई द्यावी तसं तोंड उघडलं. एक धूर निघाला. निळ्या उजेडात तो पसरला आणि मग कळलं की तो धूर नाही. प्रत्येक कणाला दोन डोळे होते आणि डोळ्यांमागे केसाएवढी शेपटी होती, आणि प्रत्येक कण आपापला पोहत होता. मासा थोडा पुढे गेला, पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा धूर. तिसऱ्यांदा थोडेच निघाले. मग त्याने तोंड दोन-तीनदा रिकामंच उघडमीट केलं, जबडा आखडल्यावर आपण करतो तसं.

गुणाजी हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत, लहान मुलासारखे. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"गुणाजी, पंप!" शुभाबाईंनी त्यांच्या पाठीत बोट खुपसलं.

ते भानावर आले. पाणी ओढणारा पंप बंद केला, कोपऱ्यात बॅटरी धरली. इवले जीव उजेडाकडे सरकायला लागले, आणि कुंडलिकने लोणच्याची धुतलेली मोठी बरणी पाण्यात अलगद बुडवली. एक बरणी, दुसरी, तिसरी. राहिलेल्यांपैकी दोघांना बापानेच गट्टम केलं. नऊ दिवसांचा उपाशी होता तो.

"अरेरे," कुणीतरी म्हणालं.

"समुद्रातही असंच," गुणाजी म्हणाले. "शंभरातला एखादा. या बरण्यांतलेही फारसे राहायचे नाहीत, आत्ताच सांगतो. पण बघितलं ना! तुम्ही सगळ्यांनी बघितलं ना?"

सगळे एकदम बोलायला लागले. आठवडाभराचं साठलेलं. शुभाबाईंनी आपल्या नवऱ्याला फोन लावून तिथूनच सुनावायला सुरुवात केली. त्या गलक्यात गुणाजी उठले, गुडघा चोळला आणि कुंडलिकला म्हणाले, "चल बाबा, बादल्या आण. बारा वाजत आले. माझं झालं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. कुंडलिक मात्र जागचा हलला नाही.

दार उघडलं. श्यामकांत आत आले. पाय धुळीने भरलेले, चपला अजून हातात, शर्टावर चहाचा डाग. त्यांनी बरण्यांकडे पाहिलं, लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

"झालं?"

"झालं साहेब," गुणाजी म्हणाले. "तुमच्यामुळे झालं."

"मी नाही बघितलं."

श्यामकांत टाकीपर्यंत गेले, वाकले. पट्टेरी बाप आता बाकीच्यांत मिसळून शिकार करत हिंडत होता. कुठला तो, हेही ओळखू येत नव्हतं.

"परत कधी होईल हे?"

"आता खाईल, अंगात भरेल. महिना-दीड महिना. जमलं तर आधीही."

श्यामकांत सरळ झाले आणि दारातल्या सुताराकडे वळले. "कपाट बाहेरच्या पॅसेजमध्ये लावा. देणगीदारांशी मी बोलतो." मग गुणाजींकडे न बघताच म्हणाले, "मी बघेपर्यंत टाकी हलणार नाही."

बरण्यांतली पिल्लं चौथ्या दिवशी अठ्ठावीस होती, बाराव्या दिवशी पाच. गुणाजी ती घरी नेऊन, डोळ्याला दिसणार नाही असलं खाणं बारीक ड्रॉपरने देत बसले आहेत. आणि वाचनालयात त्या शनिवारनंतरच्याच सोमवारी सकाळी पावणेदहाला ते पोचले, तेव्हा त्यांच्या स्टुलाशेजारी एक खुर्ची आधीच मांडलेली होती. श्यामकांत तिच्यावर बसले होते, चपला काढून.

"साहेब, अजून अंडीसुद्धा नाहीत," गुणाजी म्हणाले. "आधी त्यांचं जमायला हवं."

"ते कधी जमतं?"

"अंधार पडल्यावर."

श्यामकांतांनी घड्याळ पाहिलं. दहाला दोन मिनिटं होती. "मग बसतो," ते म्हणाले आणि त्यांनी काळ्या कापडात डोकं घातलं.